चाकाचा नट किती आवळावा?

भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकी काहीजण हसले असतील. चाकाचा नट किती आवळावा, हा काय भाषणाचा विषय झाला? आणि त्यावर बोलायला चांगला मिस्त्री सोडून इतिहास शिकवणारा एम. ए. मास्तर कशाला बोलवायचा? मलाही प्रथम तसेच वाटले होते. पण या विषयावर बोलण्याचा थोडाफार अधिकार मला आहे, आणि तो मला विद्येतून नव्हे, फजितीतून मिळाला आहे. तेव्हा आधी ती फजिती सांगतो, मग तिच्यातून शिकलो ते सांगतो.

खेड्यात आता मोटार ही नवलाची वस्तू राहिलेली नाही. कुणाच्या दारात जीप आहे, कुणाच्या दारात भाजी बाजाराला नेणारा पिकअप आहे, कुणाचा ट्रॅक्टर आहे. शाळेला मुले आणणारी गाडी तर जवळजवळ प्रत्येक मोठ्या गावात फिरते. या सगळ्या गाड्या ज्या चाकांवर धावतात ती चाके मोजक्या नटांवर बसलेली असतात. हा नट अंगठ्याएवढाही नसतो. आपण त्याच्याकडे कधी पाहत नाही. पाहायची वेळ येते ती पंक्चर झाल्यावर, आणि तीसुद्धा बहुधा रस्त्यात, पावसात नाहीतर रात्री.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी चिपळूणहून निरोप आला की आत्याचे बरे नाही, दादाला घेऊन ये. दादा म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर, आणि ही त्यांची पाठची एकुलती एक बहीण. निरोप ऐकून ते काही बोलले नाहीत. धोतर बदलले, काठी घेतली आणि गाडीत जाऊन बसले.

कऱ्हाड सोडले तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. पाटण झाले, कोयनानगर झाले, हेळवाक मागे पडले आणि कुंभार्ली घाट उतरायला लागलो. पाऊस असा, की समोरचे दहा पावलांवरचे दिसेना. तेवढ्यात मागचे डावे चाक बसले. घड्याळात दोन वाजले होते.

मी घाबरलो नाही. मागे जादा चाक होते, जॅक होता, पाना होता. चाक बदलायला किती वेळ लागतो? वीस मिनिटे! अण्णांना म्हटले, "तुम्ही आतच बसा, आत्ता निघतो." गाडी बाजूला घेतली, पुढच्या चाकाला दगड लावला, पाना नटावर बसवला आणि जोर केला. नट हलला नाही. आणखी जोर केला. नट ढिम्म. मग पान्यावर उभा राहिलो. पाना सटकला, मी चिखलात पडलो आणि गुडघा फुटला. चार नट, चारही तसेच! शेवटी गाडीत एक फिरत्या जबड्याचा पाना होता, तो लावून एका नटाशी झटलो. नट काही सुटला नाही, मात्र त्याचे कोपरे झिजून तो गोल झाला. आता त्याच्यावर कुठलाच पाना बसेना.

मोबाइलला रेंज नव्हती. एक जीप थांबली. त्या भल्या माणसानेही जोर करून पाहिला आणि तो निघून गेला. अण्णा काच खाली करून मधूनमधून विचारीत, "झालं का रे?" चिडून नाही, अगदी हळू. मी दरवेळी म्हणे, "होईल आता."

दोन तास गेले. चारच्या सुमाराला खालून एक मालमोटार वर आली. चालक सांगोल्याकडचा, पन्नाशीचा गृहस्थ. त्याने गाडी कडेला लावली, उतरला, वाकून नट पाहिले आणि म्हणाला, "मास्तर, हे नट आवळल्यात का डागल्यात?"

त्याने मालमोटारीतून चौकोनी फुलीसारखा दिसणारा क्रॉस पाना आणला, लोखंडी एल पाना आणला आणि हातभर लांबीचा एक पाइप आणला. पहिल्यांदा त्याने काय केले, तर फडक्याने नटाभोवतीचा चिखल पुसला. मी दोन तास झटत होतो, पण नट पुसायचे मला सुचले नव्हते! मग तेलाचे दोन थेंब सोडले, हातोडीने नटाच्या तोंडावर हलके ठोके दिले आणि बिडी ओढत दहा मिनिटे स्वस्थ बसला. माझा जीव वरखाली होत होता. तो म्हणाला, "तेलाला वेळ द्या, ते आपलं काम करतंय."

नंतर त्याने पाना असा बसवला की दांडा डाव्या हाताला आडवा आला. दांड्यावर पाइप चढवला. धक्का नाही, हिसका नाही. दोन्ही हातांनी पाइप सावकाश खाली दाबत नेला. 'कट्' असा आवाज झाला. एवढा मोठा आवाज की नट तुटला असे मला वाटले. तो सुटला होता! तसेच आणखी दोन सुटले. चौथा, माझ्या शहाणपणाने गोल झालेला. त्याच्यावर त्याने एक माप लहान असलेला पान्याचा टोपा हातोडीने ठोकून बसवला आणि तोही काढला.

पैसे त्याने घेतले नाहीत. "म्हाताऱ्याला लवकर न्या," म्हणाला. जाता जाता पाइप खांद्यावर टाकून एवढेच बोलला, "आवळणाऱ्यानं सोडणाऱ्याची आठवण ठेवावी, मास्तर."

आम्ही चिपळूणला पोचलो तेव्हा सहा वाजून गेले होते. आत्या चार वाजेपर्यंत शुद्धीवर होती. "दादा आला का?" म्हणून विचारीत होती. अण्णा तिचा हात हातात घेऊन रात्रभर बसले, पण तिने डोळे उघडले नाहीत. पहाटे ती गेली.

अण्णांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्यांना वाटते, दैवात नव्हते. पण मला ठाऊक आहे की ते दोन तास दैवाने नेले नव्हते, चार नटांनी नेले होते. आणि ते नट तसे आवळायला कुणी सांगितले होते? मी!

आठ दिवसांपूर्वी रस्त्याकडेच्या एका दुकानात मी चाके पुढची मागे, मागची पुढे करून घेतली होती. तिथल्या पोराने हवेवर चालणाऱ्या बंदुकीने नट आवळले, आणि मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "चांगले घट्ट बसव रे, घाटात जायचं असतं." त्या पोराने प्रत्येक नटाला आणखी दोनदा बंदूक लावली आणि वर पान्यावर उभा राहून एकेक हिसका दिला. मी खूश झालो आणि त्याला वीस रुपये जादा दिले.

श्रोतेहो, आपल्यापैकी कितीजणांनी असे वीस रुपये दिले असतील याचा विचार करा. आपल्या मनात एक समजूत घट्ट बसली आहे: जितके जास्त आवळावे तितके सुरक्षित. सैल नटाची आपल्याला भीती वाटते, आणि ती रास्तच आहे. पण जास्त आवळल्याचीही भीती बाळगायला हवी, हे आपल्याला कुणी सांगितलेले नसते. म्हणून आता नट काम कसे करतो ते पाहू. यातला हिशेब मला आमच्या महाविद्यालयातल्या पदार्थविज्ञानाच्या सहकाऱ्यांनी समजावून दिला. तो तुम्हालाही सहज समजेल.

आपल्याला वाटते की गाडीचे वजन चाकाच्या बोल्टांवर लटकलेले असते. तसे नसते. नट आवळला की बोल्ट किंचित ताणला जातो. डोळ्यांना दिसणार नाही इतका, पण ताणला जातो. ताणलेला बोल्ट रबरासारखा, स्प्रिंगसारखा परत आखडू पाहतो आणि चाकाला आतल्या हबावर दाबून धरतो. त्या दाबामुळे चाक आणि हब यांच्यात घर्षण होते, आणि गाडीचा सारा भार त्या घर्षणावर चालतो. हा दाब किती असतो? लहान मोटारीचा बोल्ट बहुधा १२ मिलिमीटर जाडीचा असतो. तो योग्य मापाने आवळला तर एकेक नट ढोबळ हिशेबाने चार टनांच्या आसपास दाब देतो. म्हणजे ५० किलोंची ऐंशी पोती! चार नटांचा दाब सोळा टन. सबंध गाडीचे वजन टनभर असते. तेव्हा बघा, योग्य मापातसुद्धा केवढी ताकद आहे. वर आणखी हिसका देण्याची काही गरज नाही.

स्प्रिंगचे एक मोठे गमतीचे लक्षण आहे. इंग्लंडमधल्या रॉबर्ट हूक या शास्त्रज्ञाने १६७८ साली ते छापून प्रसिद्ध केले. जेवढा ओढ लावाल तेवढी स्प्रिंग ताणली जाते. दुप्पट ओढीला दुप्पट ताण. पण याला मर्यादा आहे. मर्यादेपलीकडे ओढले की ती परत मूळ लांबीला येत नाही, लांबच राहते. चाकाचा बोल्ट अगदी असाच वागतो. योग्य मापाच्या दुपटीच्या आसपास गेलात की तो कायमचा ताणला जाऊ लागतो. आटे ओढले जातात. असा बोल्ट पुढच्या खेपेला पूर्वीइतका दाबून धरत नाही, आणि केव्हातरी मुळातून तुटतो. म्हणजे सुरक्षिततेसाठी म्हणून जास्त आवळले, त्यातूनच चाक सुटण्याचे भय निर्माण झाले!

आणखीही तोटे आहेत. एक नट फार घट्ट आणि दुसरा कमी, असे झाले की चाकामागची ब्रेकची तबकडी किंचित वाकडी बसते, आणि ब्रेक दाबताना पायाखाली थरथर जाणवते. नटाचे टोक निमुळते असते; ते डिस्कच्या निमुळत्या भोकात बसते. अति आवळल्याने ते भोकच खराब होते. आणि सगळ्यांत मोठा तोटा मी सांगितलाच: वेळेला नट सुटत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ही सगळी इंग्रजी यंत्रांची कौतुके. तसे मात्र नाही. आपल्या गावच्या सुताराला आणि लोहाराला हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव चढवताना आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असेल. धाव चाकापेक्षा थोडी लहान करायची, गोवऱ्यांच्या जाळात लाल होईपर्यंत तापवायची, म्हणजे ती फुगते; मग चाकावर चढवून वरून पाणी ओतायचे. धाव आखडते आणि सारे आरे, सारे तुकडे घट्ट आवळून धरते. पण ती किती लहान करायची? यातच कारागिराचे सारे कसब. मोठी राहिली तर धाव निघून पडते. फार लहान केली तर आरे वाकतात आणि नवे चाक निकामी होते. घट्टपणाला माप असते, हे त्या लोहाराला कुणी शिकवावे लागले नाही. मोटार आली आणि आपण ते विसरलो.

मग चाकाच्या नटाचे माप कोणते? प्रत्येक गाडीबरोबर मालकाला एक पुस्तिका मिळते. ती आपण कपाटात ठेवून देतो. तिच्यात हा आकडा छापलेला असतो. पिळण्याचा हा जोर न्यूटन-मीटर या मापात सांगतात. लहान मोटारींना तो साधारणपणे ८० ते १२० च्या दरम्यान असतो. ट्रॅक्टर, मालमोटार यांचे आकडे निराळे आणि पुष्कळ मोठे असतात. तेव्हा मोटारीचे माप ट्रॅक्टरला लावू नका. ज्याच्या त्याच्या पुस्तिकेत पाहा.

हा जोर मोजायचा पाना मिळतो. त्याला टॉर्क रेंच म्हणतात. गावात दोन-चार गाड्या असतील तर सर्वांनी मिळून एक घ्यावा. पण तो नसला तरी अडत नाही. इथे मी शिक्षकबंधूंना आणि भगिनींना मुद्दाम हाक मारतो, कारण हा प्रयोग शाळेच्या अंगणात करण्यासारखा आहे. धान्याचे पोते वजन करायचा आकड्याचा ताणकाटा घ्या. चाक जमिनीवर असताना पाना नटावर लावा. नटाच्या मध्यापासून ३० सेंटिमीटरवर, म्हणजे सुमारे फुटावर, दांड्याला ताणकाटा अडकवा आणि दांड्याशी काटकोन करून सावकाश ओढा. काट्यावर ३० किलो आले की नटावर सुमारे ९० न्यूटन-मीटर जोर पडला. हिशेब सोपा आहे. पुस्तिकेतल्या आकड्याला दहाने भागा, मग पान्याच्या मीटरमधल्या लांबीने भागा. जे किलो येतील तेवढे ओढायचे.

मुलांना पुढचे गणितही घालता येईल. ६५ किलो वजनाचा माणूस त्याच फूटभर पान्यावर उभा राहिला तर नटावर किती जोर पडतो? सुमारे १९०. म्हणजे मापाच्या दुप्पट! आणि तोच माणूस ९० सेंटिमीटरच्या पाइपावर उभा राहिला तर? पावणेसहाशेच्या आसपास. बोल्टाचे काय होईल ते मुलेच सांगतील. तरफेचा नियम पुस्तकात वाचून मुले विसरतात. असा हाताने ओढून पाहिला तर विसरणार नाहीत, आणि त्यातलाच एखादा मुलगा पुढे गॅरेजमध्ये गेला तर तो मापात आवळील.

आता नट कसा आवळावा ते क्रमाने सांगतो. आटे आणि नट फडक्याने स्वच्छ पुसा. नट पहिल्यांदा बोटांनी फिरवा. निदान तीन-चार फेरे तो बोटांनीच फिरला पाहिजे. फिरत नसेल तर आटे तिरके लागले आहेत. मागे घ्या, जबरदस्ती करू नका. निमुळती बाजू आत. मग पान्याने हलके आवळा, पण शेजारशेजारचे नट घेऊ नका. चार नट असतील तर समोरासमोरचे घ्या. पाच असतील तर चांदणी काढल्यासारखे एक सोडून एक घ्या. गाडी खाली उतरवा आणि मग त्याच क्रमाने शेवटचा जोर द्या. पन्नास ते शंभर किलोमीटर गाडी चालली की पुन्हा एकदा तपासा, कारण नवे बसलेले चाक थोडे सैलावू शकते.

आवळताना आट्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. याचे कारण ऐकून मला नवल वाटले होते. नट पिळताना आपण जो जोर करतो त्यातले दहांत नऊ भाग घर्षणातच जातात. बोल्ट ताणायला जेमतेम एक भाग उरतो. तेल लावले की घर्षण कमी होते आणि तेवढ्याच जोरात बोल्ट भलताच जास्त ताणला जातो. पुस्तिकेतला आकडा कोरड्या आट्यांसाठी असतो. तेल सोडवण्यासाठी, आवळण्यासाठी नाही.

आणि घट्ट बसलेला नट सोडवायचा कसा? त्या सांगोल्याच्या चालकाकडून शिकलो तेच सांगतो. गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक ओढा, गिअर टाका, इतर चाकांना पुढून-मागून दगड लावा. माणसांना खाली उतरवा आणि रस्त्यापासून दूर, सुरक्षित जागी उभे करा. मी अण्णांना पावसामुळे आत बसवले होते; ती चूक तुम्ही करू नका. छत्री द्या, पण उतरवा.

चाक जमिनीवर टेकलेले असतानाच नट पाव-अर्धा फेरा सैल करायचे, जॅक नंतर लावायचा. जॅकवर उभ्या असलेल्या गाडीशी झटापट करणे म्हणजे जिवाशी खेळ. पाना बरोबर मापाचा आणि नटावर पूर्ण आत बसणारा हवा. लहान मोटारींना तो बहुधा १९ किंवा २१ मापाचा असतो. फिरत्या जबड्याचा पाना लावून नटाचे कोपरे घालवू नका. गंज असेल तर गंज सोडवणारे तेल घाला, हलके ठोके द्या आणि दहा-पंधरा मिनिटे थांबा. दांडा डावीकडे आडवा ठेवून खाली दाबा; अंगाचे वजन सावकाश टाका, उड्या मारू नका. पाइप लावायचा तो फक्त सोडवताना. आवळताना पाइपाला हात लावायचा नाही, हे पक्के ध्यानात ठेवा.

एक धोका विशेष करून सांगतो. नट सुटत नाही म्हणून काहीजण गॅसच्या ज्वाळेने तो तापवतात. टायर चढवलेल्या चाकाला आच देऊ नका. आतली हवा तापून टायर फुटला तर जवळचा माणूस वाचत नाही.

आणखी एक. डावीकडे फिरवले की नट सुटतो, हा नियम बहुतेक गाड्यांना लागू आहे. पण जुन्या विलिस जीपच्या आणि काही जुन्या मालमोटारींच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. तिथे सोडवायला म्हणून जोर केलात तर नट आणखी आवळला जाईल. अशी जुनी गाडी असेल तर आधी चौकशी करा.

कधी नट सुटतात, पण चाकच गंजून हबाला चिकटलेले असते. तेव्हा गाडी जॅकवर असताना चाकाला लाथा घालू नका. नट परत दोन-तीन फेरे बोटाने चढवा, गाडी खाली घ्या आणि हातभर पुढे-मागे करा. चाक आपोआप सुटते.

हे सारे ऐकून दुकानातल्या त्या पोराला शिव्या देऊ नका. तो दिवसाला कितीतरी चाके बसवतो. त्याच्या हातातल्या बंदुकीत हातोडा असतो आणि तो मिनिटाला शेकडो ठोके देतो. घोडा जरा जास्त वेळ दाबून ठेवला की नट मापाबाहेर गेलाच. त्याला माप कुणी शिकवलेले नाही, आणि आपल्यासारखे गिऱ्हाईक उलट "अजून आवळ" म्हणून सांगते. चाक सुटले तर दोष त्याच्यावर येतो; नट सुटला नाही तर तो कुठे समोर असतो? त्याने जास्त आवळावे यात नवल नाही. तेव्हा त्याला नीट सांगा: "बाबा, बंदुकीने नुसते लावून घे, शेवटचे हाताने आवळ. आणि मी एकदा सोडून बघतो, मग पैसे देतो."

हे शेवटचे वाक्य मी आता दरवेळी म्हणतो. दुकानातच माझ्या गाडीतला पाना काढतो, चारही चाकांचा एकेक नट माझ्या हाताने सोडतो आणि पुन्हा आवळतो. पहिल्यांदा दुकानातली माणसे हसली. हसू देत. माझ्या पान्याने, माझ्या हाताने जो नट सुटत नाही तो माझ्यासाठी आवळलेला नाही, असे मी समजतो. आमच्या घरात माझी पत्नी गाडी चालवते, मुलगी चालवायला शिकते आहे. त्यांनाही अंगणात एकदा चाक बदलायला लावले. मुलीच्या हाताने सुटेल, इतकाच नट घट्ट असतो; आणि पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे तो घट्टच असतो. मापात आवळलेला नट साधे माणूस नीट पाना घेऊन सोडू शकते.

तुमच्या दारात गाडी असेल तर या रविवारी एवढेच करा. पुस्तिका काढा, आकडा पाहा. जादा चाकात हवा आहे का ते पाहा. पाना नटाला बसतो का ते पाहा, आणि एकेक नट सोडून पुन्हा मापात आवळा. तासाभराचे काम आहे. गाडीत एक फडके, तेलाची लहान बाटली, दोन लाकडी ठोकळे आणि हातभर पाइप ठेवा. कुणाच्या गाडीला रस्त्यात अडलेली पाहिलीत तर थांबा. त्या गाडीत कोण बसले आहे आणि त्याला कुठे पोचायचे आहे, हे आपल्याला ठाऊक नसते.

अण्णा अजून माझ्याबरोबर गाडीने येतात. परवा चाक बसवून घेतले आणि मी वाकून नट सोडून पाहत होतो, तेव्हा काच खाली करून त्यांनी विचारले, "सुटतो ना रे?"

मी म्हटले, "सुटतो, अण्णा."

त्यांनी काच वर केली आणि आम्ही निघालो.